प्रवासात निवडून आणलेली कापडं आणि हस्तकला : नागपुरातल्या छोट्या दुकानाची खरेदी, पारख, साठवण, हिशेब

पळसपान

धरमपेठ, लक्ष्मीनगर, खामला अशा भागांत दीड-दोनशे चौरस फुटांची काही दुकानं अशी असतात की माल ठोक बाजारातून येत नाही. विणकराच्या, छिप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या), ओतकाम करणाऱ्याच्या घरी जाऊन तो निवडून आणलेला असतो. इतवारी-गांधीबागेशी भावात बरोबरी होणार नाही आणि करूही नये. या दुकानाचं खरं भांडवल एकच: समोरची वस्तू नेमकी काय आहे, कुठली आहे आणि कशी टिकेल हे गिऱ्हाइकाला खात्रीने सांगता येणं. सजावट, पिशव्या, फोटो हे सगळं त्यानंतर.

चर्चेचा हा धागा फक्त कामाच्या माहितीसाठी. नागपूरहून कुठली वाट परवडते, अस्सल-नक्कल कशी ओळखायची, इथला मे आणि इथला श्रावण मालाला कसा सोसवायचा, भाव कसा बांधायचा, कर कसा लागतो. जाणकारांनी आकड्यांसह लिहावं. अनुभवकथनासाठी वेगळा धागा काढू.

रूळवाट

वाटांपासून सुरुवात करतो. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मोठे रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. इथल्या दुकानाला याहून मोठी सवलत दुसरी नाही. तरी सगळीकडे धावू नका. वर्षाला दोन, फार तर तीन वाटा धरा आणि प्रत्येक वाटेवर तीच घरं पुन्हा पुन्हा गाठा.

पूर्वेची वाट सगळ्यात भरघोस. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगाव पट्ट्यात टसर (रानरेशीम) आणि करवती किनार, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत. त्याच हावडा मार्गावर पुढे छत्तीसगडमधलं चांपा, तिथलं कोसा, म्हणजे टसरचंच, कापड. रायपूरला उतरून रस्त्याने दक्षिणेला वळलं की कोंडागाव: ढोकरा (मेणाच्या नक्षीवरून ओतलेलं पितळकाम), घडीव लोखंड, लाकूडकाम. पुढे जगदलपूर, आणि सीमा ओलांडून ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात कोटपाड. तिथे आल या झाडाच्या मुळाच्या लाल-तपकिरी रंगातलं जाड सुती कापड मिळतं.

दक्षिणेला वरंगळच्या सतरंज्या, पोचमपल्लीचं इकत (आधी सूत बांधून रंगवून मग विणलेलं कापड), आणि हैदराबाद रस्त्याने गेलात तर आदिलाबादचं ढोकरा आणि निर्मलची लाकडी खेळणी. पश्चिमेला महेश्वरचं हातमाग कापड आणि धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई. कच्छ लांब पडतं. तिथे एकदा नीट जाऊन नमुने, भाव, माणसं पक्की करा आणि पुढचा माल फोनवर मागवा.

एका वाटेचा खर्च मालावर कसा बसतो ते आधी पाहा. जाणं-येणं, राहणं, जेवण, स्थानिक गाडी मिळून ₹९,००० लागले आणि माल ₹९०,०००चा घेतला, तर नगामागे १० टक्के चढले. तोच खर्च करून ₹३०,०००चाच माल आणला तर ३० टक्के. दुसऱ्या हिशेबात वस्तू कितीही सुंदर असली तरी विकली जात नाही. खरेदीचे पैसे हाताशी नसताना "पाहून तरी येऊ" म्हणून निघणं सगळ्यात महाग पडतं.

आणि काळवेळ. बागची छपाई उन्हावर आणि वाहत्या पाण्यावर अवलंबून, पावसाळ्यात ती मंदावते. भंडारा धानाचा जिल्हा, तिथे रोवणीच्या दिवसांत काही विणकर घरांतली माणसं शेतात असतात. दसरा-दिवाळीचा माल हवा असेल तर ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या. जुलैत फोन केलात तर दुसऱ्याने नाकारलेला माल वाट्याला येतो.

धोटा

टसरबद्दल लिहिते, कारण नागपुरात या दुकानाची पत टसरवर ठरते. इथल्या गिऱ्हाइकाला टसर माहीत असतं.

आधी सूत. एका कापडात ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) वेगवेगळे असू शकतात, म्हणून दोन्हीकडून एकेक धागा काढा. फक्त पदराच्या झालरीतला धागा तपासला तर हाती फक्त ताणा लागतो. नक्कल बहुधा बाण्यात असते. धागा चिमट्यात धरून जाळा. रेशीम केस जळल्याच्या वासाने, आकसत जळतं, ज्योत काढली की सहसा आपोआप विझतं, आणि काळी राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून कडक मणी धरतं. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं भराभर जळतं, मागे हलकी करडी राख. जळण्याबद्दल शंका उरली तर काचेच्या वाटीत घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घेऊन त्यात धागा टाका. रेशीम विरघळतं, सूत, व्हिस्कोस, पॉलिस्टर तसंच राहतं. टसर तुतीच्या रेशमापेक्षा थोडा जास्त वेळ घेतं, घाईने निष्कर्ष काढू नका. लोकरही विरघळते, हे लक्षात असू द्या. खोली हवेशीर हवी, आणि त्या ब्लीचमध्ये आम्ल पडता कामा नये.

आता करवती किनार. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोघांच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांची नक्षी. परंपरागत विणकामात तीन धोटे (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारी साधनं) चालतात: एक अंगाचा, दोन काठांचे. म्हणून काठाचा रंग घट्ट एकरंगी येतो, कारण काठात अंगाचा बाणा शिरतच नाही. सांध्यावर दोन बाणे एकमेकांत अडकवलेले असतात, उलट बाजूने बोट फिरवलं की लागतात. यंत्रमागाच्या नकलेत एकच बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. लाल काठात टसरचा बदामी धागा मिसळलेला दिसतो आणि काठ फिकट, धुरकट वाटतो. भिंगाखाली पाच सेकंदांत कळतं. दहापट भिंग खिशात ठेवा, दुसऱ्या कुठल्याही साधनापेक्षा जास्त कामाला येतं.

हातमागाची आणखी खूण: कापडाची रुंदी ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची बारीक छिद्रं दोन्ही काठांलगत, ठरावीक अंतराने. पण काही यंत्रमागांवरही तशी छिद्रं पडतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. काठाची किंचित असमान ओढ, बाण्याची ठोक कुठे घट्ट कुठे सैल, हे सगळं मिळून ठरवायचं. सिल्क मार्क हा शिक्का फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो, हातमागाबद्दल काही नाही. त्यासाठी हॅंडलूम मार्क वेगळा. दुकानात हे दोन्ही एकच समजून बोललं जातं, ते थांबवलं पाहिजे.

चिंचभवन

धोटाताई, एक विचारायचं होतं. विणकरच सांगतात की ताणा "कोरियन" आहे. मग ते टसर खोटं धरायचं का?

धोटा

खोटं नाही, पण वेगळं आहे आणि तसंच लिहिलं पाहिजे. बाहेरून येणारा टसर धागा एकसारखा, लांब, तुटत नाही, म्हणून ताण्याला सोपा जातो. इथला धागा ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळीच्या कोशांचा. त्यात गाठी, जाडी-बारकी आणि मधासारख्या रंगाच्या छटा असतात. ब्लीच किंवा ज्योत हा फरक दाखवत नाही, दोन्ही रेशीमच. डोळ्यांनी, हाताने आणि विणकराच्या सूत-खरेदीच्या बिलावरूनच कळतं.

चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: "ताणा आयात टसर, बाणा देशी घिचा" किंवा "दोन्हीकडून देशी". भावात फरक पडेल, पडू द्या. घिचा म्हणजे ज्या कोशातून सलग धागा निघत नाही त्यातून हाताने ओढलेलं जाडसर सूत. ते खडबडीत दिसतं म्हणून गिऱ्हाईक त्याला दोष समजतं. समजावून सांगितलं की तेच कापड कुर्त्या-जॅकेटसाठी मागून नेतं.

ऑर्डर देताना एक गोष्ट पक्की करा. एका ताण्यातून अनेक साड्या निघतात, म्हणून ताण्याचा रंग आणि काठ बदलायचा असेल तर विणकराला पूर्ण ताणा नव्याने भरावा लागतो. "दोन साड्या निळ्या काठाच्या करून द्या" ही मागणी त्याला परवडत नाही. त्याच ताण्यावर बाण्याचा रंग बदलून चार वेगळ्या छटा मागा, त्या आनंदाने मिळतात. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे माल हाती आल्यावर. लांबी-रुंदीत दोन-तीन टक्क्यांची मुभा लिहून ठेवा.

आलमूळ

छपाईचं सांगतो. बाग आणि कच्छचं अजरख हे दोन्ही आपल्याकडे "नॅचरल प्रिंट" एवढ्या एकाच नावाने विकले जातात, हे योग्य नाही.

बागमध्ये कापड आधी खारं करून, हिरड्यात बुडवून, वाळवून घेतात. मग तुरटीच्या आणि लोहाच्या खळीने ठसे मारतात. छापताना लाल दिसतच नाही. नदीत धुऊन अलिझरीन (लाल रंगद्रव्य) आणि धायटीच्या फुलांच्या भट्टीत उकळल्यावर तुरटीची जागा लाल होते, लोहाची काळी. कापडाची जमीन, म्हणजे नक्षीमागची जागा, पांढरीच राहते, आणि तीच कसोटी: पांढरं स्वच्छ नसेल, गुलाबी झाक असेल, तर धुणं कमी पडलंय. अजरखमध्ये चुना-डिंकाने रंग रोखून, मग नीळ, अशा एकावर एक पायऱ्या येतात. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं.

ठशाचं काम ओळखायला कापड दोन मीटर उलगडा. ठसा तळहाताएवढा, सांधा दर काही इंचांवर येतो, आणि सगळे सांधे एकसारखे कधीच नसतात. कुठे केसभर एकावर एक, कुठे केसभर फट. स्क्रीनच्या छपाईत पुनरावृत्ती मोठ्या अंतरावर आणि तंतोतंत. डिजिटल छपाईची उलट बाजू जवळजवळ पांढरी.

"ही नीळ नैसर्गिक आहे" असं लिहू नका, जोवर छपाईवाला नीळ कुठून घेतो हे त्याच्याकडून कळत नाही. झाडाची आणि कारखान्याची नीळ, दोन्हींतला रंगद्रव्याचा रेणू एकच. घरगुती चाचणीने वेगळी करता येत नाही. नीळ धाग्याच्या पृष्ठभागाजवळ बसते, म्हणून चांगल्या निळीचाही रंग सुरुवातीला चोळल्यावर थोडा लागतो. ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासून पाहा. हलकी निळी झाक चालेल, गडद डाग आला तर लॉट परत करा.

लोहाच्या काळ्याबद्दल एक सावधगिरी. तो रंग काही वर्षांनी सुताला कमकुवत करतो. गडद काळ्या जमिनीचं कापड दोन-तीन वर्षं शेल्फवर पडू देण्यासारखं नसतं. ते कमी आणा, लवकर विका. हळदीचा पिवळा सगळ्यांत लवकर उडतो, तो कधीही काचेत टांगू नका. लाल आणि नीळ उजेड बऱ्यापैकी सोसतात.

बर्डीवाला भाऊ

ढोकऱ्याचं कोणी लिहून नाही राह्यलं, म्हणून लिहितो. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या तारांची नक्षी, वरून माती, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही, म्हणून दोन वस्तू हुबेहूब सारख्या नसतात. सारख्याच दहा दिसल्या तर समजा पुन्हा पुन्हा वापरायच्या साच्याचं काम आहे.

पुष्कळदा भाव वजनावर ठरते. पोकळ वस्तूत गाभ्याची माती आत राहते आणि तीही काट्यावर चढते. हातात घेऊन हलवा, बुडाचं छिद्र पाहा. माती चिकट, घट्ट बसलेली असेल तर ठीक, पण पावसाळ्यात तीच ओल धरते आणि आतून हिरवट डाग येतात. घेतल्यावर दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. कान, शिंगं, पाय यांच्या सांध्यांवर बोट फिरवा. पितळ नीट न भरल्याने पडलेली भोकं तिथेच असतात, आणि काही वेळा काळं भरून बुजवलेली असतात.

चिंच-मिठाने घासून चकचकीत करू नका. नक्षीच्या खोलात पांढरं साचते ते निघत नाही. मऊ ब्रश, कोरडं फडकं, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात, बास.

घडीव लोखंडाचं सगळ्यात मोठं दुखणं गंज. कोंडागावहून येतं तेव्हा वर वार्निश असते, पण सांध्यात, वाकणात ती पोचत नाही. जूनच्या आधी प्रत्येक नग पुसून, बारीक पॉलिश पेपरने सांधे साफ करून पारदर्शक लॅकरचा एक हात द्या. दिवे, हुक, टांगण्या तर नक्कीच. गिऱ्हाईक ते गॅलरीत लावते आणि सप्टेंबरात परत घेऊन येते.

ऊनसावली

साठवण. बाहेरगावचं मार्गदर्शन नागपुराला लागू पडत नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

इथे मे महिन्यात दुपारी हवा अगदी कोरडी, पारा ४५ च्या पुढे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीने भरलेली. एकाच वस्तूला दोन्ही सोसायचं असतं. आणि मध्ये आपला कूलर. मुख्य बिघाड तिथेच होतो. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. बाहेर पडायला वाट नसेल तर दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओल वाढत जाते. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे तुषार झोतासोबत उडतात. टसरवर त्यांचे बारीक पांढरे ठिपके पडतात आणि ड्रायक्लीनिंगनेही पूर्ण जात नाहीत. कूलरच लावायचा असेल तर झोत दाराकडे, कपाटांकडे नाही. समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा. रॅक झोतापासून किमान सहा-सात फूट. जून उजाडला, हवा बदलली, की कूलर बंद म्हणजे बंद.

आर्द्रता मोजणारं डिजिटल यंत्र काही शे रुपयांना मिळतं. एक कापडांच्या कपाटात, एक काउंटरवर. ४५ ते ६० टक्के असेल तर निश्चिंत राहा. ६५ च्या वर सलग तीन-चार दिवस गेले की बुरशीची तयारी सुरू झाली समजा. छोट्या खोलीसाठी ओल शोषणारं यंत्र घेणं शक्य नसेल तर बंद डब्यांत सिलिका जेल ठेवा, आणि निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत वापरा.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, तळ जमिनीपासून अर्धा फूट वर. रेशीम आणि जरीचं कापड मांजरपाटात (कोऱ्या सुती कापडात) गुंडाळा, पण मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेलं हवं. खळीवर कसर येते. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. वेखंडाच्या काड्या आणि कडुलिंबाचा सुकलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यांत ठेवा. ते किडीला दूर ठेवतात, पण लागलेली कीड मारत नाहीत. जरीच्या साडीला रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच धागा तुटतो.

लोकरीच्या शालींत कसर लागली तर जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर कापडावर पाणी धरतं.

लाकडाचं उलट, ते मेमध्ये तडकतं. फेब्रुवारीतच जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि पश्चिमेच्या काचेत लाकूड ठेवू नका.

चिंचभवन

ऊनसावली, कूलरऐवजी एसीच लावला तर?

ऊनसावली

उत्तम, पण चोवीस तास चालत नसतो ही अडचण. रात्री बंद, सकाळी सुरू, असा रोजचा चढउतार लाकडाला आणि ताणून फ्रेममध्ये बसवलेल्या कापडाला कूलरइतकाच त्रास देतो. २६-२७ वर ठेवा, १८ वर नको. आणि थंड दुकानातून बाहेर नेताना ऑगस्टमध्ये धातूवर पाणी धरतं, ढोकरा लगेच कागदात गुंडाळा.

हिशेबनीस

भाव आणि कर. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत पाहावी.

समजा महिन्याचा ठरलेला खर्च ₹४५,०००: भाडं, वीज, एक मदतनीस, किरकोळ. विक्रीवर ढोबळ नफा ४५ टक्के धरला तर फक्त खर्च निघायला महिन्याला ₹१,००,०००ची विक्री हवी. त्या विक्रीमागे माल ₹५५,०००चा, वर्षाला ₹६,६०,०००चा. अशा दुकानात माल वर्षातून अडीच वेळा फिरला तरी चांगलं. म्हणजे कुठल्याही वेळी साधारण ₹२,६४,०००चा साठा गुंतलेला राहणार. चार लाखांत दुकान काढणाऱ्यांनी फर्निचरवर दोन लाख घालू नयेत ते याचसाठी.

नगाचा भाव: विणकराकडे स्टोल ₹१,२००. वाहतूक ३ टक्के, प्रवास १० टक्के, पडून राहणं आणि खराबी ५ टक्के, वाफ-इस्त्री आणि चिठ्ठी ₹४०. पदरी पडली ₹१,४५६. विक्रीवर ४५ टक्के हवे असतील तर १,४५६ भागिले ०.५५, म्हणजे ₹२,६४७. खरेदीवर ४५ टक्के चढवून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांचा भाव ₹२,१११ येतो, वर्षअखेरीस पैसे कुठे गेले ते कळत नाही.

इथेच जीएसटी आडवा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपडे, स्टोल, शाल, चादरी यांना नगाची विक्री किंमत ₹२,५००पर्यंत ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. ₹२,६४७ ला विकलं तर गिऱ्हाइकाला ₹३,१२३ पडतात. ₹२,५०० ला विकलं तर ₹२,६२५. आपण ₹१४७ सोडले, गिऱ्हाइकाचे ₹४९८ वाचले, आणि नफा अजून ४१ टक्क्यांच्या वर आहे. म्हणून ₹२,५०१ ते साधारण ₹२,९०० या पट्ट्यात भाव लावूच नये. साडी आणि ताग्यातलं कापड याला किंमत कितीही असो, ५ टक्केच. पितळ-लोखंड-लाकडाच्या बहुतेक हस्तकला आता ५ मध्ये आहेत, तरी प्रत्येक वस्तूचा एचएसएन क्रमांक (कराचा दर ठरवणारा वर्ग-क्रमांक) सीएकडून पक्का करून घ्या.

वस्तूंसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ₹४० लाख उलाढाल. पण परराज्यात कुरिअरने विकायचं ठरवलंत की हे गणित बदलतं. हस्तकलेला काही सवलत आहे, ती आपल्या मालाला लागू पडते का ते आधी विचारा. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर सरसकट कर भरण्याच्या सोयीत, व्यापाऱ्याला १ टक्का, पण परराज्यात विक्री बंद आणि खरेदीवरचा कर परत मिळत नाही. फक्त काउंटरवर विकणाऱ्यालाच ती सोयीची.

रोखीचं: एका दिवसात एका माणसाला ₹१०,०००पेक्षा जास्त रोख दिले तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. विजेशिवाय चालणाऱ्या कुटीरोद्योगातल्या उत्पादकाकडूनच थेट घेतलेल्या मालाला यातून सूट आहे. पण कागद हवा: तारीख, नाव, गाव, वस्तू, नग, दर, सही किंवा अंगठा. छापील खरेदी-पावतीचं पुस्तक प्रवासात सोबत न्या.

दुकानाचा परवाना: वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७च्या कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. पाटी मराठीत, देवनागरीत.

आलमूळ

हिशेबनीसांच्या गणिताला एक पुरवणी. भाव जुळत नाही म्हणून विणकराकडे ₹१,२००चे ₹१,००० करायला बसू नये. तिथे घासाघीस केली की पुढच्या वेळी सूत हलकं येतं, ठोक कमी पडते, आणि ते कापडात दिसतं. कमी भावाचं हवं असेल तर वस्तू बदलून मागा: रुंदी कमी, पदर साधा, बाणा सुती. त्यात दोघांचंही भलं.

रूळवाट

याच्याशी पूर्ण सहमत नाही. नगाचा भाव पाडू नये हे बरोबर, पण एकाच घरातून वीस नग घेताना वाहतूक, बांधणी किंवा दोन जादा नमुने मागणं रास्त आहे. आणि "विकलं की पैसे देऊ" या बोलीवर माल उचलणं बंद झालं पाहिजे. विणकराचं भांडवल सहा महिने अडकतं, आणि दुकानदार तो माल जपत नाही कारण त्याचे पैसे गुंतलेले नसतात. डाग लागलेला, फिकटलेला माल परत जातो.

वाहतूक राहिली होती. स्लीपर आणि थर्ड एसीत ४० किलो सामान मोफत नेता येतं, पण ते स्वतःच्या वापराचं. व्यापाराचा माल पार्सल म्हणून बुक करायचा. कापड गोणपाटात नाही, आत पॉलिथिन, बाहेर पांढरं जाड कापड, टाके शिवलेले, दोन बाजूंना नाव-पत्ता. ढोकरा प्रत्येक नग वेगळा गुंडाळून, मोकळ्या जागा भाताच्या पेंढ्याने ठासून. पेंढा उन्हात वाळवलेला हवा, नाहीतर कीड सोबत येते. लोखंड आणि कापड एका खोक्यात कधीच नको.

गोंडवन

+१. दोन गोष्टी सुटल्यात. घरोघरी फिरताना जुनी वस्त्रं, जुन्या मूर्ती दाखवल्या जातात. १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. "आजीच्या आजीची" म्हणून दिलेली वस्तू विकायला ठेवण्याआधी वयाची खात्री करा. तसंच वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंत, कासवाची पाठ, घोरपडीचं कातडं, शाहतूश यांना हात लावायचा नाही, भेट म्हणूनही नाही.

पळसपान

सर्वांचे आभार. बांबूचं कोणी लिहील का? गडचिरोली, मेळघाटकडचा माल आणतो तो सहा महिन्यांत भुंग्याने पोखरतो. खाली पिवळसर पीठ पडतं.

गोंडवन

तो भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. कोवळा बांबू किंवा पावसाळ्याच्या तोंडी तोडलेला असेल तर हमखास लागतो. घेताना विचारायचे प्रश्न दोन: बांबू तीन वर्षांवरचा आहे का, आणि प्रक्रिया कशाची. प्रक्रिया म्हणजे बोरिक पावडर आणि टाकणखार (बोरॅक्स), १ ला १.५ या प्रमाणात, पाण्यात एकूण ५ टक्के द्रावण. दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम बोरिक आणि ३०० ग्रॅम टाकणखार. गरम पाण्यात आधी टाकणखार विरघळवा, मग बोरिक. विणण्याआधीच्या पट्ट्या त्यात बुडवून ठेवतात आणि सावलीत वाळवतात. विणून झालेल्या टोपलीवर वरून फवारलं तर आत पोचत नाही. शिवाय हे द्रावण पाण्यात धुऊन जातं, म्हणून वस्तू ओली होणारी असेल तर वरून वार्निश लागतंच. जेवणाची ताटली, पोळ्यांची टोपली अशा वस्तूंना हे नको.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ही प्रक्रिया पाहता येते. पीठ पडू लागलेला नग लगेच बाकी मालापासून वेगळा करा आणि वर सांगितलेल्या फ्रीजरच्या रीतीने ठेवा. मोठा असेल तर काळ्या पॉलिथिनमध्ये बांधून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर, दोन्ही बाजूंनी फिरवत, सलग काही दिवस. वार्निश केलेल्या नगाला मात्र ऊन देऊ नका, फोड येतात.